नावापुढे ‘का’ लिही

चि. ओंकार,



तुझं पत्र पोचलं. १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येपुढे तू चार नावं लिहिली आहेस: पूर्णवर्ग, पॅलिंड्रोम, हर्षद, डेम्लो. चारही बरोबर. पण एकाही नावापुढे ‘का’ नाही. नाव शोधायला मोबाइल पुरतो, ‘का’साठी कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

१११११११११ चा वर्ग म्हणजे ही संख्या. उभा गुणाकार मांडून बघ. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि हातचा कुठेच येत नाही. म्हणून अंक एकापासून नवापर्यंत चढतात आणि तसेच उतरतात. आता दहा एक घे. मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. पॅलिंड्रोम मोडला!

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला तर ती हर्षद संख्या. इथे बेरीज ८१. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, मग तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच.

हर्षद आणि डेम्लो ही नावं द. रा. कापरेकरांनी दिलेली. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. डोंबिवली स्टेशनच्या डेम्लो या जुन्या नावावरून त्यांनी एकांच्या वर्गातून येणाऱ्या अशा संख्यांना ते नाव दिलं, कारण या संख्यांची कल्पना त्यांना तिथेच सुचली.

एक भेद मात्र पक्का ध्यानात ठेव. पॅलिंड्रोम आणि हर्षद हे गुण आपल्या दशमान लेखनावर उभे आहेत. दहाऐवजी दुसरा पाया घेतला तर ते टिकतीलच असं नाही. पूर्णवर्ग असणं मात्र कुठल्याही पद्धतीत लिहिलं तरी ढळत नाही. कापरेकरांनी पहिल्या जातीच्या गुणांवर आयुष्य वेचलं, तेव्हा त्यांना कमी लेखू नकोस. पण कुठला गुण संख्येचा आणि कुठला लिहिण्याचा, हे प्रत्येक वेळी विचार.

अवयव पाडायला तुला कॅल्क्युलेटर लागू नये. १११११११११ = १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणजे आपली संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणलं की तिचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम येते ती फक्त पूर्णवर्गाचीच.

३३३६६७ ही मूळ संख्या आहे, पण माझ्या शब्दावर विसंबू नकोस. ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचं, त्यातही ९ ने भागल्यावर बाकी १ उरते अशाच घ्यायच्या. त्या सतराच आहेत. एवढ्याच का पुरतात, ते आधी स्वतः शोध. सतरा भागाकार आणि ते कारण पुढच्या पत्रात पाठव.

तुझा,
मामा