बायबलचा अभ्यास : ग्रंथ कोणी निवडायचे?



धर्मांतर का केले, केव्हा केले, त्यातून काय मिळाले, याविषयी आपण पुष्कळ वाचतो आणि बोलतो. परंतु धर्मांतर केलेल्या माणसाने पुढे वाचावे काय, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून वाचावे, हा प्रश्न मागे राहतो. या पाठात आपण तो ख्रिस्ती अभ्यासमंडळांच्या संदर्भात पाहणार आहोत.

त्याला कारण आहे. नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्याच्या काही भागांत एकाच भावकीतली काही घरे बौद्ध आहेत, काही ख्रिस्ती आहेत. लग्नाला आणि मयतीला ती एकत्र येतात. घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की मंडळीतले नातेवाईक विचारतात, "आमच्या बायबल-वर्गासाठी कोणते पुस्तक घ्यावे? तू शिकलेला आहेस, तूच सांग." अशा वेळी "ते तुमचे तुम्ही पाहा" असे म्हणून बाजूला होणे शिकलेल्या माणसाला शोभत नाही. ज्याला वाचता येते त्याने दुसऱ्याला नीट वाचायला मदत केली पाहिजे.

एक पुस्तक की पुस्तकांचे कपाट?

१९५० साली 'महाबोधी' मासिकातल्या आपल्या लेखात बाबासाहेबांनी बौद्धांची एक अडचण मांडली होती. बौद्ध वाङ्मय अफाट आहे, आणि ख्रिस्ती माणसाला जसे बायबल हाती घेता येते तसा एक ग्रंथ बौद्धाजवळ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हाती धरता येईल असा एक ग्रंथ असणे ही ख्रिस्ती माणसाची मोठी सोय आहे, यात शंका नाही.

परंतु ही सोय दिसते तितकी सोपी नाही. बायबल हे पुस्तकांचे कपाट आहे. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आहेत : जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. कॅथलिक बायबलात ७३ आहेत. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेतला, नवा करार ग्रीक भाषेतला. त्यांत इतिहास आहे, कायदा आहे, गीते आहेत, संदेष्ट्यांची भाषणे आहेत, पत्रे आहेत. शेकडो वर्षांच्या काळात, परक्या देशांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले हे वाङ्मय कोणाच्याही मदतीशिवाय समजणे कठीण. म्हणून मदतीची पुस्तके लागतात. ती साधारण पाच प्रकारची असतात :

(१) शब्दसूची : कोणता शब्द कोणत्या वचनात आला आहे ते दाखवणारी. अलेक्झांडर क्रूडन याने इंग्रजी बायबलची अशी प्रसिद्ध सूची १७३७ साली काढली.
(२) कोश आणि नकाशे : माणसे, गावे, चालीरीती, नाणी, मापे यांची माहिती देणारे.
(३) भाष्य किंवा टीका : एकेका पुस्तकाचा अर्थ उलगडणारी. बाबा पदमनजी यांनी एकोणिसाव्या शतकातच नव्या करारावर मराठीत टीका लिहिली.
(४) पाठपुस्तिका : मंडळात बसून आठवड्याला एक पाठ करण्यासाठी.
(५) दैनिक मननाच्या पुस्तिका : घरी रोज एक पान वाचण्यासाठी.

ही सर्व पुस्तके उपयोगी आहेत. आणि ही सर्व पुस्तके कोणीतरी निवड करून केलेली आहेत. खरा प्रश्न येथून सुरू होतो.

गुलामांसाठी छापलेले बायबल

१८०७ साली लंडनमध्ये एक पुस्तक छापले गेले. ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांवर उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांसाठी ते होते. पवित्र शास्त्रातले निवडक भाग, असे त्याचे स्वरूप होते. आज ते 'स्लेव्ह बायबल' म्हणून ओळखले जाते.

निवड कशी केली होती ते पाहा. जुन्या करारातला सुमारे नऊ-दशांश भाग गाळला होता आणि नव्या करारातला सुमारे निम्मा. मिसर देशात गुलाम असलेले इस्राएल लोक मोशेच्या मागून निघतात आणि मुक्त होतात, ही 'निर्गम' या पुस्तकातली सर्वांत मोठी कथा त्यात नव्हती. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही. ते वचनही गाळले होते. पण इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असे आहे, ते मात्र ठेवले होते. भावांनी विकलेला योसेफ मिसरात इमानाने चाकरी करतो, ती कथाही ठेवली होती.

तीनच वर्षांपूर्वी, १८०४ साली, हैतीच्या गुलामांनी बंड यशस्वी करून आपले स्वतंत्र राज्य स्थापन केले होते. मळेवाल्यांना कशाची भीती वाटत होती हे वेगळे सांगायला नको. वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. त्या पुस्तकात खोटे वाक्य एकही घालावे लागले नाही. जे छापले ते बायबलातलेच होते. नुसत्या निवडीने मुक्तीच्या ग्रंथातून मुक्ती काढून टाकता आली.

याच गोष्टीची दुसरी बाजू हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मोपदेशकाने 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' या १९४९ च्या पुस्तकात सांगितली आहे. त्याची आजी गुलामीत जन्मलेली, निरक्षर. नातू तिला बायबल वाचून दाखवी. परंतु पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. अपवाद एकच, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या प्रीतीवरच्या अध्यायाचा. पुढे त्याने कारण विचारले तेव्हा तिने सांगितले की धन्याचा गोरा पाळक नेहमी पौलाचे तेच वचन घेऊन बोले : दासांनो, धन्याचे ऐका. तेव्हाच तिने मनाशी ठरवले होते की आपण कधी स्वतंत्र झालो आणि वाचायला शिकलो तर तो भाग वाचणार नाही.

ही बाई शाळेत गेलेली नव्हती. पण आपल्यासाठी वचने कोण निवडतो आणि कशासाठी निवडतो, हे तिला पक्के कळले होते. ग्रंथनिवडीचा पहिला धडा तिच्याकडून घ्यावा.

मूळ आणि टीप

दुसरा धोका याहून सौम्य, पण नेहमीचा आहे. आम्हा शिक्षकांना तो रोज दिसतो. परीक्षा जवळ आली की विद्यार्थी पाठ्यपुस्तक मिटतो आणि गाईड उघडतो. काही दिवसांनी गाईडमधले उत्तर म्हणजेच धडा, असे त्याला वाटू लागते. प्रश्न थोडा फिरवून विचारला की तो गप्प होतो. बायबलच्या अभ्यासातही असेच घडते.

आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली हिशेब करून जगाची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४ साली झाली असे लिहिले. पुढे १७०१ पासून इंग्रजी बायबलांच्या समासात ही कालगणना छापली जाऊ लागली. मूळ ग्रंथात असा सन कोठेच नाही. पण पवित्र पानावर छापलेला आकडाही पवित्र मानला गेला, आणि भूगर्भशास्त्र पृथ्वीचे वय फार मोठे सांगू लागले तेव्हा कित्येकांना ते बायबलच्या विरुद्ध वाटले. विज्ञानाचा तो वाद पुष्कळ अंशी समासातल्या एका आकड्याशी होता. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलातही पानाच्या तळाशी विस्तृत टीपा आहेत. जगाचा इतिहास निरनिराळ्या युगांत विभागणारी एक विशिष्ट विचारसरणी त्यांत आहे. अनेक वाचकांना वचन कोठे संपले आणि टीप कोठे सुरू झाली याचे भान राहिले नाही.

म्हणून टीपा वाईट असे मुळीच नाही. चांगली टीप वाचकाला प्रामाणिकपणे सत्य सांगते. उदाहरणार्थ, मार्कच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय पाहा. चौथ्या शतकातल्या अतिप्राचीन हस्तलिखितांत तो आठव्या वचनावर संपतो. पुढची वचने त्यांत नाहीत. चांगली आवृत्ती हे तेथेच नमूद करते. नवे अभ्यासाचे बायबल विकत घेताना हे पान उघडून पाहावे. ज्या संपादकाने ही गोष्ट वाचकापासून लपवली नाही त्याच्या इतर टीपांवर थोडा अधिक विश्वास ठेवावा.

आपली भाषा

तिसरी गोष्ट भाषेची. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे मराठी पुराण रोमन लिपीत होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्या जागी ऐकायला-वाचायला काही नव्हते. ती उणीव या ग्रंथाने भरून काढली. परंतु १६८४ साली त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले. ग्रंथ लोकांच्या भाषेत ठेवायचा की लोकांना ग्रंथकर्त्यांच्या भाषेत ओढायचे, हा झगडा असा जुना आहे.

पंडिता रमाबाईंनी त्याचे आपले उत्तर दिले. त्या काळचे मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने गरीब, अल्पशिक्षित बायकांना कळत नाही, असे त्यांना आढळले. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. छापण्याचे कामही तेथल्या स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विधवांना शास्त्र ऐकण्याचाही अधिकार नाकारला गेला होता त्यांच्या हातांनी शास्त्र छापले गेले, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली लहान घटना नव्हे.

तेव्हा मंडळातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला जे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवले असता समजते, ते प्रथम निवडावे. इंग्रजी भाष्य ज्याला वाचता येते त्याने ते घरी वाचावे आणि त्याचा सारांश मराठीत आणून सांगावा.

पाच कसोट्या

पुस्तक विकत घेण्यापूर्वी, किंवा फुकट मिळाले तरी स्वीकारण्यापूर्वी, पुढील प्रश्न विचारावेत.

१. हे पुस्तक कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने काढले? हे स्पष्ट छापलेले नसेल तर सावध राहावे.

२. ते मूळ ग्रंथाकडे पाठवते की मूळ ग्रंथाची गरजच उरू देत नाही? पाठाबरोबर बायबल उघडावेच लागत असेल तर पुस्तक चांगले.

३. त्यात काय गाळले आहे? आमोस संदेष्टा गरिबांना जोड्याच्या किमतीला विकणाऱ्या श्रीमंतांवर कडाडतो. तो आमोस त्यात आहे का? 'निर्गम' आहे का? की केवळ आज्ञापालनाची आणि सबुरीची वचने आहेत?

४. प्रश्न कसले आहेत? ज्याचे उत्तर एका शब्दात आणि आधीच ठरलेले आहे, तो प्रश्न पाठांतराचा. ज्यावर दोन माणसांचे मत वेगळे पडू शकते, तो प्रश्न अभ्यासाचा.

५. ते वाचकाच्या जिण्याशी बोलते का? अमुक रक्कम द्या म्हणजे दुप्पट मिळेल, औषध सोडा म्हणजे बरे व्हाल, असे सांगणारी पुस्तिका कितीही चकचकीत असली तरी परत करावी.

या पाचव्या कसोटीबाबत अरविंद निर्मळ यांचे नाव घेतले पाहिजे. १९८१ साली बंगळूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात भाषण करून त्यांनी दलितांच्या बाजूने ख्रिस्ती धर्मविचार मांडण्यास चालना दिली. 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात उपासक पहिले पीक घेऊन येतो आणि आपले पूर्वज भटके होते, मिसरात दास होते, हे उघडपणे बोलून दाखवतो. निर्मळ यांनी त्याचा दाखला देऊन म्हटले की दलित ख्रिस्ती माणसानेही आपला पूर्वेतिहास असाच स्मरला पाहिजे. बायबल वाचताना आपली वस्ती विसरायची नसते, ती सोबत घेऊन वाचायचे असते.

मंडळाने आरंभ कसा करावा?

मार्कचे शुभवर्तमान सर्वांत लहान आहे, अध्याय सोळा. आठवड्याला एक घेतला तर चार महिन्यांत एक पुस्तक पूर्ण होते. दोन वेगवेगळी मराठी भाषांतरे जवळ ठेवावीत आणि एकच उतारा दोन्हींतून वाचावा. शब्द जेथे बदलतो तेथे चर्चा आपोआप सुरू होते. मोबाइलवर मराठी बायबल फुकट वाचता येते, ऐकताही येते. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. भाष्य मात्र शेवटी उघडावे. आधी सर्वांनी बोलावे, मग विद्वान काय म्हणतो ते पाहावे.

हे शक्य आहे का, अशी शंका कोणाला येईल. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात, सोलेंतिनामे बेटांवर, धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल यांनी हेच केले. रविवारी शुभवर्तमानाचा उतारा वाचला जाई आणि शेतकरी, कोळी, त्यांच्या बायका व मुले त्यावर आपले मत सांगत. ती संभाषणे १९७५ साली पुस्तकरूपाने निघाली आणि धर्मशास्त्राचे विद्वान आज ती वाचतात. अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांनी मूळ ग्रंथासमोर बसून विचार केला, एवढेच तेथे घडले.

घरच्या वाचनासाठी दैनिक पुस्तिका घ्यावी, पण तिच्यासोबत एक साधी वही ठेवावी. पुस्तिकेतला उतारा आधी बायबलात वाचावा, आपल्याला काय वाटले आणि काय पटले नाही ते दोन ओळींत लिहावे, आणि मगच छापलेले मनन वाचावे. सहा महिन्यांनी वही आणि पुस्तिका शेजारी ठेवून पाहाव्यात. वहीतल्या ओळी पुस्तिकेची नक्कल करीत असतील तर पुस्तिका बदलावी. त्या स्वतःच्या असतील तर अभ्यास योग्य मार्गाने चालला आहे.

बंधु-भगिनींनो, तुमच्या ख्रिस्ती भावाने तुम्हाला पुस्तकाचे नाव विचारले तर एकच नाव सांगून मोकळे होऊ नका. या पाच कसोट्या त्याला लिहून द्या आणि निवड त्याच्या मंडळाला करू द्या. आणि तो निघून गेल्यावर आपल्या विहारातले कपाट उघडा, आणि तीच पाच कसोट्यांची चिठ्ठी आपल्याही पुस्तकांना लावून पाहा.