शिक्षेवरील अपील : अधिकार आणि मर्यादा

कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे 13 जुलै 2016 रोजी एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील सत्र न्यायालयाने 29 नोव्हेंबर 2017 रोजी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. निकाल लागला म्हणजे प्रकरण संपले, अशी सर्वसामान्य समजूत असते. कायद्याची व्यवस्था मात्र निराळी आहे. शिक्षेच्या प्रश्नात वरिष्ठ न्यायालयाने कोठवर जावयाचे व कोठे थांबावयाचे, याचे निश्चित नियम आहेत.

फाशीची फेरतपासणी

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अंमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावेच लागते. तेथे किमान दोन न्यायमूर्ती केवळ शिक्षाच नव्हे, तर संपूर्ण पुरावा पुन्हा तपासतात. जीव घेणारी शिक्षा मागे घेता येत नाही, हे या काटेकोरपणाचे कारण होय.

अपिलामुळे शिक्षा वाढते काय?

इतर शिक्षांबाबत अपील न्यायालयाचा हात आखडता असतो. शिक्षेचे प्रमाण ठरविणे हा मुख्यतः खटला चालविणाऱ्या न्यायालयाचा विवेकाधिकार आहे. तो रीतसर वापरला गेला असेल, तर सबळ कारणावाचून आरोपीच्या अहिताचा हस्तक्षेप करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये बेदराज खटल्यात सांगितले.

आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात त्याची शिक्षा वाढविता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये हे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. असे नसते, तर शिक्षा वाढण्याच्या भीतीने कोणी दादच मागितली नसती.

शिक्षा अपुरी वाटल्यास अपील राज्य शासनाने करावयाचे असते. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 418 मध्ये ही तरतूद आहे. अशा अपिलात आरोपीला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते; एवढेच नव्हे, तर तो निर्दोष सुटकेचीही मागणी करू शकतो.

पीडिताच्या कुटुंबाचा हक्क

आरोपी सुटला, त्याला कमी गंभीर गुन्ह्याबद्दल दोषी धरले किंवा नुकसानभरपाई अपुरी मिळाली, तर पीडित व्यक्ती स्वतः अपील करू शकते. केवळ शिक्षा कमी झाली, या कारणावरून मात्र तिला अपील करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. म्हणून अशा कुटुंबाने विलंब न लावता सरकारी वकिलांकडे आपले म्हणणे मांडावे, हे इष्ट.

एक धडा

या सावधगिरीचे मोल शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील एका खटल्यावरून कळून येते. 2003 मधील दरोडा व हत्याकांडाबद्दल सत्र न्यायालयाने 2006 मध्ये सहा जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. शासनाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये त्या तिघांचीही फाशी पुन्हा लागू केली. तथापि पुनर्विलोकनानंतर त्याच न्यायालयाने 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरविले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

मुदत आणि साहाय्य

सत्र न्यायालयाकडे करावयाच्या अपिलाची मुदत सामान्यतः 30 दिवस, तर उच्च न्यायालयाकडील अपिलाची 60 दिवस असते; फाशीविरुद्धचे अपील मात्र 30 दिवसांत करावे लागते. तुरुंगातील व्यक्तीला तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठविता येते. कोठडीतील व्यक्तीस, तसेच स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. मुदत उलटण्यापूर्वी तेथे पोहोचणे, हे ज्याचे त्याने ध्यानी ठेवावयाचे कर्तव्य आहे.