गोळीचा खाडा

हरतालिकेच्या आदल्या रात्री डोंबिवलीहून गावी निघताना मोदकपात्र आठवणीनं घेतलं. नैराश्यावरच्या व्हेन्लाफॅक्सिनची मात्र शेवटची कॅप्सूल गाडीत बसण्याआधी घेतली होती. कुडाळला उतरून घेऊ, असं धरून चालले होते. तिथं एका मेडिकलमध्ये ते औषधच ठेवत नव्हते. दुसरा म्हणाला, "मागवावं लागेल, आता गणपतीनंतरच."

चतुर्थीला आरतीला उभी राहिले. मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसे. घाम, मळमळ. मुलीवर काही कारण नसताना ओरडले. जाऊबाई म्हणाल्या, "उपास बाधलो गो तुका." मी मान डोलावली, कारण मी ही औषधं घेते हे सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या लपवाछपवीत आणखी दोन दिवस गेले. जुना आजार उलटला, या भीतीनं मी रात्रभर जागी होते.

शेवटी डॉक्टरांना फोन केला. आजार उलटलेला नाही, औषध एकदम तुटल्याचा हा त्रास आहे, असं त्यांनी समजावलं. व्हेन्लाफॅक्सिन, पॅरॉक्सेटिन ही औषधं शरीरातून लवकर उतरतात, म्हणून खाडा लगेच जाणवतो. फ्लुओक्सेटिन बरेच दिवस अंगात राहतं. त्यांनी फोनवर चिठ्ठी पाठवली आणि पुतण्यानं म्हापशाहून औषध आणलं.

तेव्हापासून दुधाचा खाडा मांडते त्याच कालनिर्णयावर कॅप्सूलचाही हिशोब ठेवते. स्ट्रिप मोजू नका, गोळ्या मोजा. दहाच्या तीन स्ट्रिप म्हणजे तीस, आणि वर्षातले सात महिने एकतीसचे. दहा गोळ्या उरल्या की दुकानात जायचं, ही माझी रेघ. चिठ्ठीची तारीख बघा, डॉक्टर सुटीवर कधी आहेत तेही आधीच विचारून ठेवा. चिठ्ठीचा फोटो घरातल्या एका तरी माणसाच्या फोनमध्ये हवाच. मी तो आता जाऊबाईंच्या फोनमध्ये ठेवला आहे. त्यांना सांगायला मला तीन वर्षं लागली, याचं फार वाईट वाटतं.

ब्रँडचं नाव पाठ असून भागत नाही. घटकाचं नाव, मिलिग्रॅम आणि पुढचं ईआर किंवा एक्सआर लिहून ठेवा. ही अक्षरं सावकाश विरघळणाऱ्या औषधाची आहेत. दुकानदारानं साधी गोळी दिली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. खाडा पडला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही, आणि बरेच दिवस पडला असेल तर पुन्हा सुरू करण्याआधीही विचारायचं.

खर्चासाठी बिलं एका पाकिटात साठवते. भाव वाढला की लगेच कळतं. एस्सिटालोप्राम आणि फ्लुओक्सेटिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या किमतीला सरकारी कमाल मर्यादा असते. जनऔषधी केंद्रात घटकाच्या नावानं विचारा. 'जनऔषधी सुगम' या ॲपवर जवळचं केंद्र आणि किंमत दिसते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळायला हवीत. हक्कानं मागा, पण एसटीचं भाडं घालण्याआधी साठा आहे का ते फोन करून विचारा. आपले डॉक्टर सापडतच नसतील, तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं.

यंदाच्या कालनिर्णयावर हरतालिकेच्या पंधरा दिवस आधीच्या चौकोनात मी लिहून ठेवलंय: दोन महिन्यांच्या कॅप्सूल, मग मोदकपात्र.