नळाचा सांधा का गळतो?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस खूप पडतो. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त. पण आपली जमीन जांभ्याची. तिच्यात पाणी टिकत नाही, उतारावरून समुद्राला जाऊन मिळते. आजी म्हणते, "बाय, शिमगा झाला की विहीर तळ दाखवते." एप्रिल-मे महिन्यात कितीतरी वाड्यांना टँकरचे पाणी लागते. म्हणून नळातून गळणारे पाणी वाचवणे फार गरजेचे आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन ही योजना जाहीर झाली. घरोघरी नळ द्यायचा आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचे, असे त्यात ठरले. नळ आला, पण सांधा गळला तर काय उपयोग?

आम्ही एक प्रयोग केला. गळणाऱ्या सांध्याखाली एक लिटरचे भांडे ठेवले. ते ४० मिनिटांत भरले. म्हणजे तासाला दीड लिटर. पाणी दिवसभर असेल तर २४ तासांत ३६ लिटर! बारा लिटरचे तीन हंडे झाले की. तेवढे पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायचे म्हणजे आईच्या तीन खेपा.

सांधा का गळतो? तोटी पितळेची असते. तांबे आणि जस्त मिळून पितळ होते. ते लोखंडासारखे गंजत नाही. तोटीच्या मागच्या बाजूला आटे असतात. ते पाईपच्या आट्यांत फिरवून बसवतात. आटे कितीही घट्ट बसले तरी मधे बारीक फट राहते. पाण्याला तेवढी वाट पुरते. ती फट बुजवायला हवी.

पूर्वी आट्यांवर सूत गुंडाळून वर सफेदा लावत. आता पांढरी टेफ्लॉन टेप वापरतात. टेफ्लॉनचा शोध १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना अचानक लागला. त्यांच्या टाकीतून गॅस येईना, पण वजन तर कमी झाले नव्हते. टाकी कापून बघितली, तर आत पांढरी पूड! तेच टेफ्लॉन. न चिकटणाऱ्या डोशाच्या तव्यावरही तेच असते.

टेप अशी लावावी :
१. आधी पाणी बंद करावे. तोटी काढून आट्यांवरची जुनी टेप आणि माती ब्रशने साफ करावी. आटे कोरडे पुसावेत.
२. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरावे. टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर तोटी फिरवताना ती सुटते.
३. पाच-सहा वेढे द्यावेत. तोंडाकडचा पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर टेपचे तुकडे आत जाऊन अडकतात.
४. तोटी आधी हाताने फिरवावी. मग पान्याने एक-दोन फेरेच आवळावी. जास्त जोर केला तर सॉकेट तडकते. पाना मोठ्या माणसांनीच चालवावा.
५. तोटी तिरकी झाली म्हणून मागे फिरवू नये. फिरवलीच तर काढून नवी टेप लावावी.

शेवटी पाणी सुरू करावे आणि सांध्याखाली कोरडा कागद धरावा. कागद ओला झाला नाही म्हणजे काम पक्के.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. सांध्यातून पाणी आले तर टेप लावायची. पण तोटी बंद करूनही तिच्या तोंडातून थेंब पडत असेल तर आतला वायसर झिजलेला असतो. तिथे टेपचा काही उपयोग नाही, वायसरच बदलावा लागतो.

पालकांनो आणि मित्रांनो, आज घरी गेल्यावर नळाच्या सांध्याखाली कोरडा कागद धरून बघा. टेपची गुंडाळी थोड्या पैशांत मिळते. गेलेले पाणी मे महिन्यात मिळत नाही.

— इयत्ता चौथी