चित्रदर्शक सॉफ्टवेअर आणि आंतरजाल

२ सप्टेंबर २०२० रोजी दिल्लीतील इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ११८ मोबाइल ॲपवर बंदी घातली. वृत्तपत्रांनी त्यांतील ‘पबजी’ या खेळाचीच वार्ता ठळकपणे छापली, आणि ते साहजिकही होते. परंतु त्याच यादीत ‘फोटो गॅलरी अँड अल्बम’सारखी, फोनमधील छायाचित्रे पाहावयाची काही साधी ॲपही होती. अशी ॲप वापरणाऱ्यांची माहिती चोरून देशाबाहेरील सर्व्हरकडे पाठवितात, अशा तक्रारी आल्याचे मंत्रालयाने म्हटले होते. आदेशाला आधार होता माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६९-अ चा.

जे चित्र आपल्याच यंत्रात साठविलेले आहे, ते पाहण्यासाठी आंतरजालाची गरज ती काय, असा प्रश्न येथे जिज्ञासू वाचकाच्या मनात उभा राहील. चित्र केवळ पडद्यावर मांडावयाचे असेल, तर गरज मुळीच नाही. तरीही पुष्कळशी चित्रदर्शक सॉफ्टवेअर उघडताक्षणीच बाहेर संपर्क साधतात. नवी आवृत्ती निघाली आहे काय, हे त्यांना पाहावयाचे असते. जाहिराती आणावयाच्या असतात. वापरणारा काय काय करतो, याची नोंद निर्मात्याकडे धाडावयाची असते. यांतील सर्वच हेतू वाईट असतात असे नव्हे. नकाशाचेच उदाहरण घ्यावे. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात, स्थाननोंदीची सोय चालू असल्यास, त्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. नोएडातील एखाद्या घराच्या गच्चीवर काढलेले लहान मुलाचे छायाचित्र उघडून सॉफ्टवेअरने शेजारी नकाशा दाखविला, म्हणजे त्या परिसराच्या नकाशाचा तुकडा दूरच्या सर्व्हरकडून मागविला गेला. चित्र घरातच राहिले; घराचा पत्ता मात्र बाहेर गेला.

सरकारी बंदीचा उपयोग येथे मर्यादितच होय. बंदी नावावर पडते, वर्तनावर नव्हे. नव्या नावाने तेच ॲप पुन्हा येऊ शकते. म्हणून दार आपल्या बाजूनेच लावणे श्रेयस्कर.

विंडोज प्रणालीतील फायरवॉल बाहेरून येणाऱ्या अनाहूत संपर्काला मूळच्या मांडणीतच अडविते, परंतु आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा मोकळीक देते. ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. तेव्हा फायरवॉलच्या प्रगत मांडणीत जाऊन, बाहेर जाणाऱ्या संपर्काच्या नियमांत एक नवा नियम घालावा, त्या सॉफ्टवेअरची मुख्य फाइल निवडावी आणि संपर्क रोखण्याचा पर्याय स्वीकारावा. मात्र नवी आवृत्ती शोधणारी फाइल अनेकदा निराळी असते. तिच्यासाठी निराळा नियम हवा. लिनक्सवर हे काम अधिक सरळ आहे. ‘फायरजेल’ या साधनाद्वारे एखादे सॉफ्टवेअर जाळ्यावाचून चालविता येते; मग त्याला बाहेरचे जगच उरत नाही.

खरी अडचण आहे ती अँड्रॉइड फोनची. कॅमेरा किंवा स्थान यांसाठी ॲपला वापरणाऱ्याची अनुमती मागावी लागते. आंतरजालाची अनुमती मात्र ॲप बसवितानाच, कोणालाही न विचारता मिळते. काही कंपन्यांच्या फोनांत प्रत्येक ॲपचा मोबाइल डेटा व वाय-फाय बंद करण्याची सोय असते. ती नसल्यास ‘नेटगार्ड’सारखे ॲप वापरता येते. ते फोनमध्येच एक व्हीपीएन उभारून निवडलेल्या ॲपची वाट अडविते. अर्थात त्या काळात कचेरीचे वा अन्य कोणतेही व्हीपीएन चालत नाही.

एक सावधगिरी आवश्यक आहे. संपर्क तोडला म्हणजे दुरुस्त्याही तुटल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘वेबपी’ प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या एका बहुप्रचलित ग्रंथालयात गंभीर दोष उघडकीस आला. मुद्दाम बिघडवून रचलेले एखादे चित्र उघडणेही त्यामुळे धोक्याचे ठरले. ज्यांचे चित्रदर्शक जाळ्यापासून तोडलेले होते, त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती आपोआप पोहोचणार नव्हती. अशांनी महिना-दोन महिन्यांनी निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून नवी आवृत्ती स्वतः उतरवून घ्यावी, आणि ती बसविल्यावर आपला नियम जागेवर आहे किंवा नाही, हे पाहावे. कारण नव्या आवृत्तीबरोबर फाइलीचे स्थान बदलले, तर जुना नियम रिकाम्या जागेवर पहारा देत राहतो.