शीत ऋतूतील शिशुप्रावरण : बाळाला बाहेर नेताना

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमाराच्या अंथरुण-पांघरुणाचा विचार आला आहे. ती मऊ, हलकी, स्वच्छ व सुवासिक असावीत, अशी आचार्यांची अपेक्षा आहे. यांपैकी मऊपणा व स्वच्छता यांकडे आपल्या परिसरातील माता कसोशीने लक्ष देतात. सुवास तर आवश्यकतेहून अधिकच असतो. विसर पडला आहे तो लाघवाचा. हेमंत-शिशिरात पिंपरी, भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यातून आमच्याकडे येणारी पुष्कळ बालके थंडीपेक्षा थंडीच्या भयानेच अधिक त्रस्त झालेली आढळतात.

एका पौष महिन्यातील प्रसंग नमूद करतो. रात्रपाळी आटोपून आलेला पिता, मागे माता व दोघांच्या मध्ये अडीच महिन्यांचे बाळ, असे कुटुंब सकाळी दुचाकीवरून आले. ‘अंग तापलंय, दूध ओढत नाही,’ ही तक्रार. बाळाच्या अंगावर झबले, दोन स्वेटर, कानटोपी, त्यावर दुपटे व सर्वांवर जाड ब्लँकेट, तोंडावरही ओढणी. तापमापकाने ३८ अंश सेल्सिअस दाखविले आणि आम्ही ज्वरचिकित्सेचा विचार करू लागलो होतो. प्रथम वस्त्रे उतरवावी, हे आमच्याही उशिराच ध्यानात आले, हे कबूल केले पाहिजे. एक झबले व एक दुपटे ठेवून मातेस स्तनपान देण्यास सांगितले. वीस-पंचवीस मिनिटांनी तापमान प्राकृत झाले, बाळ स्तनाला लागले. मात्र तळपाय तेव्हाही गारच होते. तरीही त्यास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले. कारण तीन महिन्यांखालील बालकात ३८ अंश वा अधिक ताप हे गंभीर संसर्गाचे एकमेव लक्षण असू शकते. वस्त्रे उतरवूनही ताप टिकला, अथवा बाळ मलूल असेल, तर घरी वाट पाहण्यास मुळीच स्थान नाही.

गार तळपाय हीच पालकांची फसगत होय. लहान बालकाचे हात-पाय स्वभावतःच गार असतात. त्यावरून पांघरुणाचा निर्णय करू नये. मानेचा मागचा भाग व पोट यांस हात लावावा. तेथे घाम असेल तर वस्त्रे अधिक झाली, गारठा असेल तर कमी पडली. उलट बाजूही विसरता येत नाही. शरीराच्या मानाने शिशूचे डोके मोठे असल्याने उष्णतेचा ऱ्हास तेथून बराच होतो, नवजातास कापरे भरून ऊब निर्माण करता येत नाही, आणि कमी वजनाच्या बाळाजवळ मेदाचा साठाही थोडा असतो. काखेतील तापमान ३६.५ अंशांखाली गेल्यास बाळाला मातेच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घालावे.

आपल्या भागातील हिवाळ्याचा स्वभाव लक्षात घेतल्यावाचून वस्त्रविचार पूर्ण होत नाही. पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, इंद्रायणी-पवनेच्या काठी धुके, आणि दुपारी २८-३० अंश! पत्र्याच्या खोलीत तर ही तफावत अधिकच जाणवते. म्हणून एकच जाड वस्त्र न घालता पातळ वस्त्रांचे थर असावेत व ते सहज काढता यावेत. आतून घाम टिपणारे सुती झबले, त्यावर एक लोकरी वस्त्र, वरून दुपटे. मोठ्या माणसास जितके कपडे पुरतात, त्याहून एक थर अधिक, हे सामान्य प्रमाण होय. बाळ छातीशी बांधलेले असेल तर वाहणाऱ्याच्या अंगाची ऊब हाही एक थरच समजावा. बाळाचे तोंड सदैव दिसावे, हनुवटी छातीत रुतू नये, पाय सरळ ताणून बांधू नयेत; मांड्या फाकलेल्या व गुडघे वर राहिल्यास खुब्याच्या सांध्याचे रक्षण होते.

या दृष्टीने आमच्या आजीची कुंची किती शहाणी! डोके, कान, मान व पाठ झाकली जाते, चेहरा मोकळा राहतो, आणि घरात शिरताच एक नाडी सोडली की सर्व उतरते. आज ती बारशाच्या छायाचित्रापुरती उरली आहे.

दुचाकीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटर वेगाने लागणारा वारा प्रौढाच्या उघड्या चेहऱ्यास सुमारे ६ अंशांसारखा भासतो. सुश्रुताचार्यांनी बालकास वारा व ऊन यांपासून जपावे असे म्हटले, तेव्हा पुणे-नाशिक रस्ता त्यांच्यापुढे नव्हता! केंद्र शासनाच्या २०२२ सालच्या नियमानुसार चार वर्षांखालील बालकास चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा, नऊ महिन्यांपुढील बालकास शिरस्त्राण व ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा आवश्यक आहे. नऊ महिन्यांखालील बाळाच्या डोक्यास शिरस्त्राणही नाही. त्यास दुचाकीवर न नेणे हेच आमचे मत. रिक्षात मधोमध बसावे, बसने जावे, ऊन वर आल्यावर निघावे.

निष्क्रमण चौथ्या महिन्यात, असे काश्यपसंहिता सांगते. लसीकरण मात्र सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यास येते. थंडी आहे म्हणून लस पुढे ढकलण्याचा सल्ला कोणीही देऊ नये.

शेवटी औषधालयचालक बंधू-भगिनींसाठी. चरकाचार्यांनी सदर अध्यायात वेखंड, हिंग, गुग्गुळ, मोहरी इत्यादींचे जे धूपन सांगितले, ते वस्त्रांचे व शय्येचे. बंद खोलीत बाळालाच धुरावर धरणे हा त्याचा अर्थ नव्हे. त्याने श्वसनमार्गास पीडा होते. कपडे धुपवून, बाहेर झटकून मगच वापरावेत. कापराची पुरचुंडी झबल्यास टाचण्याची प्रथा तर तात्काळ थांबविली पाहिजे. अल्प मात्रेत पोटात गेलेल्या कापराने बालकास आक्षेपक येतात. कापूर वा निलगिरीयुक्त मलम दोन वर्षांखालील बाळासाठी मागितल्यास नकार द्यावा, आणि ग्राहक आग्रह करील तर गल्ल्यावरूनच विचारावे, ‘बाळाला कपडे किती घातलेत?’