भीतीचा धडा, सुटकेचा धडा : मेंदूतील डोपामिनचे कार्य

या वर्षीच्या आरोग्यशिक्षणपर लेखासाठी आम्ही निवडलेला विषय सांगलीकरांच्या अनुभवाशी निगडित आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली. जुलै २०२१ मध्ये नदीकाठच्या वस्त्यांत पुन्हा पाणी शिरले. पूर ओसरतो, घरे धुऊन निघतात, भिंतींना नवा रंग लागतो. परंतु पावसाची संततधार लागताच झोप उडणे, छातीत धडधडणे, वारंवार उठून दाराबाहेर पाहणे अशी लक्षणे काही जणांत पुढेही टिकून राहतात. यास मनाचा दुबळेपणा समजणे अन्यायाचे आहे. तो मेंदूने घेतलेला धडा असतो.

या संदर्भात एक जुने उदाहरण उद्बोधक आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राड शहरात मोठा पूर आला आणि शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यात बुडता बुडता वाचली. काही कुत्र्यांनी पूर्वी शिकलेले सारे गमावले. त्यांतील एक कुत्रे सावरल्यानंतर त्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीक धार सोडताच पुन्हा भेदरून गेले. पाणी थोडेच होते; पण मेंदूच्या दृष्टीने ती पुराची पूर्वसूचना होती.

मेंदू कसा शिकतो?

डोपामिन हे मेंदूतील एक संदेशवाहक द्रव्य आहे. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे महत्त्व दाखवून दिले. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मध्यमेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा ऱ्हास झाल्याने कंपवात होतो, हे अनेकांस ठाऊक असेल. मात्र शिकण्यातही या द्रव्याचा मोठा वाटा आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी जोराने संदेश देतात; अपेक्षित रस मिळाला नाही, तर नेमक्या त्याच क्षणी मंदावतात. म्हणजेच डोपामिन केवळ सुखाचा संदेश देत नाही. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील फरकही ते मेंदूस कळवते.

हाच नियम सुटकेसही लागू पडतो. विशिष्ट ध्वनीनंतर सौम्य विजेचा झटका बसतो, हे उंदीर लवकर शिकतात. पुढे ध्वनी ऐकू येतो, पण झटका बसत नाही. तेव्हा काही डोपामिन पेशी बक्षीस मिळाल्याप्रमाणे संदेश देतात. हा संदेश रोखल्यास भीती ओसरण्यास अडथळा येतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. येथे जुना धडा पुसला जात नाही. त्याच्या शेजारी 'आता धोका नाही' असा नवा धडा लिहिला जातो. म्हणूनच ओसरलेली भीती कधी कधी पुन्हा डोके वर काढते.

सुटका चुकीचेही शिकवते

सुटकेचे दोन धोके आम्हांस येथे नमूद करावेसे वाटतात. पहिला टाळण्याचा. भीती वाटली की नदीकाठचा रस्ता टाळावा, घरी परतणे लांबवावे. तत्काळ हायसे वाटते आणि टाळण्याची सवय पक्की होते. मात्र प्रत्यक्षात धोका नाही, हे शिकण्याची संधीच मेंदूस मिळत नाही. दुसरा धोका याच्या उलट. २००५ च्या पुरात पाणी आपल्या उंबऱ्यापर्यंत आले नाही, म्हणून २०१९ मध्येही येणार नाही, असे अनेकांनी गृहीत धरले. मागील सुटका हा पुढील सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. स्थलांतराची सूचना मिळताच घर सोडणे, हा भित्रेपणा नसून शहाणपणा आहे.

कुटुंबीयांनी काय करावे?

भयग्रस्त व्यक्तीची थट्टा करू नये अथवा तिला बळजबरीने नदीवर नेऊ नये. कोरड्या दिवसांत विश्वासातील माणसासोबत टप्प्याटप्प्याने त्या जागी जावे, भीती काहीशी ओसरेपर्यंत तेथे थांबावे आणि हे पुन्हा पुन्हा करावे. लक्षणे महिन्याहून अधिक काळ राहिल्यास, दारूचा आधार घेतला जात असल्यास किंवा जीव नकोसा वाटत असल्यास मनोविकारतज्ज्ञांस विनाविलंब भेटावे. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक दिवसरात्र नि:शुल्क उपलब्ध आहे.

नदीपासून काहीशा दूर वसलेल्या विश्रामबागेत राहणाऱ्यांचेही आप्तस्वकीय गावभागात व सांगलवाडीत आहेत. पूरग्रस्तांस अन्नवस्त्र देण्यास सांगलीकर कधीच मागे राहिले नाहीत. पाणी ओसरल्यानंतर मनात राहिलेला पूर ओसरण्यासही तशीच साथ लागते. ती देण्याच्या कार्यात देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांनी आमच्यासोबत राहावे, ही नम्र विनंती.